दोनशे एकोणचाळीसने भाग जातो

माझा जाहीर सत्कार आयुष्यात एकदाच झाला, आणि तो एका बाईचं नाव यादीतून कमी केल्याबद्दल झाला. नारळ मिळाला, ब्लाउजपीस मिळाला आणि सोनेरी टोपणाचं शाईचं पेन मिळालं. ब्लाउजपीस आईनं घरी पोचायच्या आतच काढून घेतला, नारळाची चटणी झाली, पेन गळकं निघालं. मी तेव्हा अकरावीत होते आणि आपल्याइतकी हुशार मुलगी पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत दुसरी नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ही समजूत पुढे कॉलेजनं आणि उरलीसुरली नवऱ्यानं दूर केली, पण त्या वर्षी ती ऐन भरात होती.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला, पाटाच्या अलीकडे. दीड एकर. त्यात निशिगंध, शेवंती, दसऱ्याच्या सुमाराला झेंडू आणि बांधाच्या कडेनं कोथिंबीर. लोक मला आजही म्हणतात, "अय्या, फुलांच्या घरात वाढलात? किती छान!" छान कसलं डोंबलाचं! निशिगंधाच्या वासाची भाकरी एकदा खाऊन बघा म्हणावं. आमच्याकडे भाकरीला, ठेच्याला, गणिताच्या वहीला, धुतलेल्या उशीच्या अभ्र्याला, सगळ्याला तोच वास. सकाळी विहिरीवरची मोटर गुरगुरायला लागायची, रेडिओवर अभंग सुरू व्हायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये भाऊ, म्हणजे माझे वडील, काड्यांच्या जुड्या मोजायला बसायचे. पहिल्या जुडीला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. का, असं विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक वाट बघतंय, तू शाळेत जा." आई एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातानं गजऱ्याचा दोरा ओढायची, असं मला आठवतं. तसं करता येत नाही हे मला आता चांगलं कळतं, कारण दोन्ही कामं मी केलीत. पण आठवतं ते तसंच.

आमच्याकडे फुलं तोडायला तारामावशी यायची. पेठच्या डोंगराकडून कधीतरी नवऱ्याबरोबर कामाला आली, नवरा गेला, ती राहिली. पाटाच्या पलीकडे तिची एक खोली होती. वयानं आईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, बोलायला अगदी कमी, आणि निशिगंधाची काडी अशी हलक्या हातानं मोडायची की झाडाला पत्ता लागू नये. त्या दिवसांत सरकारला अचानक आठवण झाली की देशातल्या बायकांना लिहिता येत नाही, म्हणून गावोगाव साक्षरता वर्ग निघाले. आमच्या भागातल्या वर्गाची शिक्षिका मी. पाट्या आल्या, पेन्सिली आल्या, भिंतीवर घोषणा रंगवून झाली. पहिल्या दिवशी बारा बायका आल्या, दुसऱ्या आठवड्यात तीन, आणि महिन्याभरानंतर एकटी तारामावशी. वर मात्र बाराच्या बारा साक्षर झाल्याचं कळवण्यात आलं. मावशी संध्याकाळी काम आटोपून, हातपाय धुऊन, डोक्यावरचा पदर नीट करून ओट्यावर बसायची आणि पाटीवर असा जोर द्यायची की पेन्सिल मोडायची. पहिल्यांदा 'तारा' आलं, मग 'राम' आलं. "हे सोपं हाय," ती म्हणाली. "देवाचं नाव माझ्या नावापरीस सोपं हाय बघ." अंगठ्याच्या जागी सही करायची, एवढीच तिची इच्छा होती. पण सही करायची कुठे? तिला कोण कुठला कागद देतंय!

सिंहस्थ जवळ आला की नाशकात पुण्याची साथ येते. त्या वर्षी आमच्या भागातल्या महिला भजनी मंडळालाही ती लागली. मंडळाच्या अध्यक्षा होत्या त्यांना सगळे प्रेसिडेंटीणबाई म्हणत. त्यांच्या यजमानांचं नाशकातच, द्वारका चौकात सिमेंटचं दुकान होतं आणि बोलण्यातही त्या माल लवकर घट्ट होईल असं बोलत. त्यांनी ठरवलं की मंडळातल्या सगळ्या भगिनींनी मिळून रामनाम लिहायचं. किती? तर अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा वेळा. का? तर पत्रकावर छान दिसतं म्हणून. सात एक ओळीनं उभे, सिमेंटच्या दुकानापुढच्या खांबांसारखे. पत्रकं छापली, कापडी फलक रंगवला, आणि मग सप्ताहाला येणाऱ्या शास्त्रीबुवांना नियम विचारला. आमच्याकडे हा क्रम ठरलेला असतो, आधी छपाई आणि मग चौकशी. बुवांनी सांगितलं, "संकल्प सामुदायिक आहे. प्रत्येकीचा वाटा सारखा हवा. एकीनं जास्त लिहिलं तर तिला अहंकार, कमी लिहिलं तर आळस." झालं. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. नियम अतिशय सुंदर होता, त्यात खोट एवढीच होती की तो त्या आकड्याला कुणी विचारून केलेला नव्हता.

आई मंडळाची चिटणीस होती, कारण तिचं अक्षर बरं होतं आणि ती कुणाला नाही म्हणत नसे. नावं नोंदवायला सुरुवात झाली त्या सकाळी तारामावशी सगळ्यांच्या आधी आमच्या ओट्यावर हजर. वरच्या तीन ओळी पदाधिकाऱ्यांसाठी राखलेल्या, म्हणून चौथ्या ओळीत तिनं सही केली. 'तारा'. शेवटचा काना रेघेच्या बाहेर गेला, पण गेला तर गेला. आईनं तिला शंभर पानी वही दिली तशी ती तिनं पदरात घेतली, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं कव्हर घालून मला दाखवायला आणली. वाटा किती ते ठरायच्या आधीच तिनं दोन पानं लिहून काढली होती. "चुकलं तं नाय ना?" प्रत्येक ओळीला हेच. माझ्या हातून कुणी काही शिकलं, असं म्हणता येईल अशी ती पहिली बाई, आणि खरं सांगायचं तर पुढे वीस वर्षं शाळेत शिकवूनही शेवटची म्हणायला हरकत नाही.

यादी दोनशे चाळीसवर थांबली. आई म्हणाली, "मंदे, तुझं गणित चांगलं हाय ना? सांग बरं एकीच्या वाट्याला किती." मी भागाकार मांडला. चार हजार सहाशे एकोणतीस आणि बाकी एकशे एक्कावन्न. म्हणजे एकशे एक्कावन्न जणींनी एकेक नाव जास्त लिहायचं आणि उरलेल्या एकोणनव्वद जणींनी नाही. पहिल्या अहंकारी, दुसऱ्या आळशी. आईनं कपाळावर हात मारला. मी मात्र त्या आकड्याच्या मागे लागले. दोनने भागून पाहिलं, बाकी एक. तीनने, बाकी एक. पाच, सहा, सात, दहा, अकरा, तेरा, कुणाचाही भाग लावा, एक उरतोच. लग्नाच्या पंगतीत रुसून बसलेला एखादा काका असतो ना, तसा. सतराने आठ उरले, एकोणिसाने दहा, तेविसाने चार, तेव्हा मला उगाच बरं वाटलं की चला, एक सोडून दुसरं काहीतरी उरलं. सदतीसला पुन्हा एक. शाळेत गणिताच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "परीक्षेला येणार नाही, सोड." या एका वाक्यानं आपल्याकडे किती विद्या बुडाल्या असतील!

मी सोडलं नाही. दोनने जात नाही म्हणजे चारने जाणारच नाही, म्हणून फक्त मूळ संख्या घ्यायच्या, एवढं मला कळत होतं. एक हजार चोपन्नच्या पुढे जायचं कारण नाही हेही कळलं, कारण दोन भागांतला एक तरी त्याच्या आत सापडायलाच हवा. तीन दुपारी विहिरीच्या कट्ट्यावर बसून मी भागत होते. खाली मोटर, वर चिंच, बाजूला मीठ लावलेल्या काकडीची ताटली. बावन्नावी मूळ संख्या घेतली ती दोनशे एकोणचाळीस. चारचा भाग लागला, सहाचा लागला, पुन्हा चारचा लागला आणि खाली उरले एकवीसशे एक्कावन्न. दोनशे एकोणचाळीस नव्वे? एकवीसशे एक्कावन्न! बाकी शून्य. मी ओरडले. भाऊ धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. परवा माझ्या भाच्यानं हेच फोनवर टाकलं, तर पापणी लवायच्या आत उत्तर. "मावशी, यात काय एवढं?" म्हणाला. काय सांगणार कपाळ! त्याला उत्तर मिळालं, मला तो आकडा मिळाला होता. भागाकार आला होता चार हजार सहाशे एकोणपन्नास, त्यालाही मी तपासून घेतलं, तोही कशानं भागला जात नव्हता. म्हणजे अकरा लाख अकरा हजार एकशे अकराचे सारखे वाटे करायचे मार्ग मोजून चार. अकरा लाखांवर बायकांनी एकेक नाव लिहायचं, तर तेवढ्या बायका अख्ख्या नाशकात नव्हत्या. एकाच बाईनं सगळं लिहायचं, याला कुणी तयार नव्हतं. चार हजार चारशे नऊ बायका आणखी आणायच्या, एवढ्यांचा चहा कोण करणार? किंवा दोनशे एकोणचाळीस बायका. आमच्याकडे होत्या दोनशे चाळीस.

आता जे सांगायचं ते सांगते. मी एका चिठ्ठीवर हे सगळं सुवाच्य लिहिलं, आणि त्याच चिठ्ठीच्या मागे आणखी एक ओळ लिहिली. प्रत्येकीनं चार हजार सहाशे तीस नावं लिहिली तर दोनशे चाळीस जणींची मिळून होतात अकरा लाख अकरा हजार दोनशे. वाटा सारखा, कुणी बाहेर नाही, फक्त एकोणनव्वद नावं जास्त. हे मला दोन मिनिटांत सुचलं होतं. आणि म्हणूनच ते मला मुळीच आवडलं नव्हतं. दोन मिनिटांचं गणित ते. त्यापुढे माझ्या तीन दुपारी, माझा दोनशे एकोणचाळीस!

बैठक प्रेसिडेंटीणबाईंच्या दिवाणखान्यात झाली. चिवडा आणि चहा. तारामावशी दाराशी चपलांजवळ बसली होती, मांडीवर वही. मी उभी राहिले आणि चिठ्ठीची पुढची बाजू वाचली. स्वतःशी गुणलं तर या आकड्याचे एक दोन तीन चार पाच सहा सात आणि परत उतरत एकपर्यंत असे ओळीनं अंक येतात, हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. बायका आ वासून ऐकत होत्या. प्रेसिडेंटीणबाई म्हणाल्या, "बघा! म्हणजे देवाचीच योजना. एक नाव कमी केलं की सुटलं!" टाळ्या वाजल्या. माझे कान गरम झाले. चिठ्ठी उलटायची होती, बोटं तिच्या कडेवर होती. नाही उलटली. उलटली असती तर टाळ्या थांबल्या असत्या.

मग नाव कुणाचं? यादीतलं शेवटचं, असं ठरलं. शेवटचं निघालं प्रेसिडेंटीणबाईंच्या सुनेचं. तो नियम लगेच बारगळला, कारण नव्या सुनेला पहिल्याच वर्षी संकल्पातून वगळणं अशुभ. बरं, वयानं सगळ्यात मोठी? त्या निघाल्या प्रेसिडेंटीणबाईंच्याच सासूबाई, आणि फलकाचं कापड त्यांनी दिलेलं. मग चिठ्ठ्या टाकल्या. लहान मुलीकडून चिठ्ठी उचलवली, ती निघाली नगरसेवकाच्या वहिनीची. चिठ्ठ्या नीट मिसळल्या नव्हत्या असं आढळून आलं. एवढी न्यायप्रिय सभा मी पुन्हा पाहिली नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आपलं मंडळ पाटाच्या अलीकडचं ना?" पाटाच्या पलीकडची बाई एकच होती. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

आई उठली. तिला सभेत बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "ती वही घ्यायला सगळ्यांच्या आधी आली होती," ती म्हणाली. "तिनं लिहायला शिकून नाव घातलंय. तिलाच काढायचं?"

"अहो, यात माणसाचा काय संबंध?" प्रेसिडेंटीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "गणित आहे हे. आणि तुमच्याच मुलीनं काढलंय की. काय गं मंदा, दुसरा काही मार्ग निघतो का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तारामावशीही. चिठ्ठी मुठीत होती, घामानं ओली झालेली. मी म्हणाले, "दोनशे चाळीसने भाग जातच नाही, दोनशे एकोणचाळीसने जातो." हे खरं होतं. इतकं चोख खरं बोलून इतकं खोटं वागायची सोय मला गणितानंच करून दिली. मग नारळ, ब्लाउजपीस, पेन. मावशीनं वही परत केली. प्रेसिडेंटीणबाई म्हणाल्या, "लिहिलेली पानं फाडून दुसरीला देता येईल, कोरी आहे बरीच." आईनं पानं फाडली नाहीत, दोऱ्याची गाठ सोडून ती अलगद वेगळी केली आणि घरी आल्यावर गजऱ्याच्या दोऱ्यानं शिवून मावशीकडे पाठवून दिली. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "एक बाई कमी करायला एवढं शिकावं लागतं का गं?" मी भाकरी टाकून उठले. वर रागही मलाच आला, बघा!

समाप्ती मोठ्या थाटात झाली. मसालेभात, जिलबी, मठ्ठा. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा नावं पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि मोजायची जबाबदारी कुणावरच नसल्यामुळे आकडा तंतोतंत जुळला. सुनेच्या वहीत तीन निरनिराळी अक्षरं होती आणि शेवटची वीस पानं कोरी होती. आईनं ती पाहिली आणि वही गठ्ठ्यात ठेवून दिली. मी शास्त्रीबुवांना जिलबी वाढत होते. बुवा जेवताना प्रसन्न असत. मी विचारलं, "बुवा, समजा सगळ्यांनी सारखंच लिहिलं, पण मिळून संकल्पापेक्षा थोडं जास्त झालं असतं, तर?" ते हसले. "अगं, जास्तीला कसला दोष? कमी पडू नये इतकंच. देवाला जास्त झालं म्हणून कुणी परत केलंय का? वाढ, अजून एक वाढ." मी जिलबी वाढली.

दुसऱ्या दिवशी मावशी शेवंतीच्या ओळीत वाकून फुलं तोडत होती. मी तिच्या शेजारच्या ओळीत जाऊन उभी राहिले. सगळं सांगायचं ठरवून आले होते. चिठ्ठीसुद्धा आणली होती, म्हणजे दाखवता आली असती. मागची ओळ तिला वाचताही आली असती, आकडे मीच शिकवले होते. मी म्हणाले, "मावशी, तुला राग आला असेल ना माझा?"

"तुझा?" तिनं मान वर केली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "तुझा कशापायी? त्या बायांनी काढलं असतं तं लय लागलं असतं मनाला. जलमभर लोकांनीच काढलंय. पन ह्यो तं हिशेब व्हता, तू मांडलेला. हिशेबाला काय, मी पलीकडची का अलीकडची?" फुलं ओच्यात टाकत ती थोडी थांबली. "दुसरा काय इलाज नव्हताच ना गं?"

आजही मी वर्गात फळ्यावर भागाकार मांडला की हे चार-पाच क्षण मला लागतात, आणि मुलांना वाटतं बाई विसरल्या. मी विसरलेले नाही. तोंड उघडलं तेव्हा माझ्या जिभेवर खरं उत्तर होतं. त्याच्यामागून लगेच दुसरं आलं, की हे ऐकलं तर हिच्याकडे उरलंय तेवढंही जाईल. आणि त्याच्यामागून तिसरं, की ही पुन्हा माझ्यापाशी लिहायला बसणार नाही. तिसरंच खरं कारण होतं, पण मी दुसऱ्याच्या आड उभी राहिले.

"नव्हता, मावशी," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

तिनं फुलांनी ओले झालेले हात लुगड्याला पुसले आणि माझे डोळे पुसायला लागली. "येडे," ती म्हणाली, "मंग तू कशाला रडतीस? तू तं बरोबरच सांगितलंस ना!"